सोळा म्हंजे सोळा काय?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये, पॅनेलच्या उघड्या दारापाशी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. भट्ट्यांवरचे वीस तापमान मीटर, त्यांना जोडत गेलेली एक वायर, वायरीच्या टोकाला यूएसबी कन्व्हर्टर आणि त्याच्या पलीकडे लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक, एवढाच संसार. दर सेकंदाला सगळ्या मीटरचे आकडे नोंदायचे होते आणि मधूनच एखादा सेकंद गळत होता. आधी काम केलेल्या माणसानं पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवून ठेवला होता. त्यावर एकच ओळ: ‘लेटन्सी टाइमर १६ आहे. गरज पडल्यास बदलावा.’

मेंटेनन्सच्या मामांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद जवळून वाचला आणि म्हणाले, “साहेब, सोळा म्हंजे सोळा काय? सेकंद? मिनिटं? का नुसतंच सोळा? आणि गरज पडली हे मला कसं कळायचं?”

मामांचा हा प्रश्न परतताना कोल्हापूरच्या वेशीवरचं तावडे हॉटेल मागे पडलं तरी डोक्यातून जाईना. कागदावरची ओळ खोटी नव्हती. अगदी बरोबर होती, आणि तरी काडीच्या उपयोगाची नव्हती. कर्नलमधल्या ड्रायव्हरच्या सेटिंगची माहिती लिहिताना बहुतेकांचा हाच घोळ होतो. लिहिणाऱ्याला सगळं पाठ असतं, म्हणून तो नाव आणि आकडा टाकून मोकळा होतो. वाचणारा मात्र रात्रपाळीत, भट्टी चालू असताना, पहिल्यांदाच ते वाचत असतो.

जरा मुळापासून घेऊ. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर कुणाला किती वेळ मिळणार, मेमरी कुणाची, डिस्कवर कोण लिहिणार, हे सगळं तो ठरवतो. लिनक्सचा कर्नल १९९१ पासून वाढत आलाय आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा ड्रायव्हरांचा आहे. ड्रायव्हर म्हणजे शाहू मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या. शेतकऱ्याची भाषा त्याला कळते, व्यापाऱ्याचीही कळते, आणि दोघांचा सौदा त्याच्यामार्फत होतो. कर्नलला तुमच्या कन्व्हर्टरमधल्या चिपची अंडीपिल्ली माहीत नसतात. ती ड्रायव्हरला माहीत असतात.

मग सेटिंग कशाला? ड्रायव्हर लिहिणारा जगात कुठंतरी बसलेला असतो. त्यानं लिहिलेला कोड उद्या प्रिंटरला लागणार, दवाखान्यातल्या यंत्राला लागणार की शिरोलीतल्या भट्टीला, हे त्याला ठाऊक नसतं. काही निर्णय सगळ्यांसाठी एकच घेणं त्याला शक्य नसतं. ते तो मोकळे सोडतो आणि म्हणतो, ठरवा तुम्ही. सेटिंग म्हणजे असा पुढच्याच्या हवाली केलेला निर्णय. निर्णय हवाली करायचा आणि तो कशाच्या आधारावर घ्यायचा ते सांगायचं नाही, ही खरी अडचण.

त्या सोळाचंच बघू. आमच्या कन्व्हर्टरमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप होती. ही चिप आणि संगणक यांच्यातली वाहतूक अगदी आपल्या वडापसारखी चालते. वडापची जीप सीटा भरल्याशिवाय सुटत नाही. पण दिवसभर उभी राहूनही चालत नाही, म्हणून जीपवाला थोडा वेळ वाट बघतो आणि मग असतील तेवढे घेऊन निघतो. चिपच्या एका खेपेत ६४ बाइट जातात. त्यातले २ स्वतःच्या स्थितीचे, म्हणजे प्रवाशांसाठी जागा ६२. त्या भरल्या तर खेप लगेच सुटते. नाही भरल्या तर चिप ठरावीक वेळ थांबते आणि मग जेवढं जमलंय तेवढं पाठवते. हा थांबायचा वेळ म्हणजे लेटन्सी टाइमर. मूळ किंमत १६ मिलिसेकंद.

सोळा मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. पण इथं हिशोब करून बघा. मीटर आणि संगणक मॉडबस नावाच्या पद्धतीनं बोलत होते, सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं. एका बाइटला ११ बिट लागतात, म्हणजे एक बाइट जायला साधारण १.१५ मिलिसेकंद. ‘तुझं तापमान किती?’ हा प्रश्न ८ बाइटचा: ९.२ मिलिसेकंद. उत्तर ७ बाइटचं: ८ मिलिसेकंद. दोन संदेशांमध्ये साडेतीन बाइटांएवढी शांतता पाळावी लागते: ४ मिलिसेकंद. मीटरला प्रश्न समजून उत्तर द्यायला २० मिलिसेकंद धरा. एका मीटरचे झाले ४१.२. वीस मीटरचे ८२४. सेकंदात अजून पावणेदोनशे मिलिसेकंद शिल्लक, म्हणजे आरामात बसतंय असं वाटतं.

आता वडापची वाट त्यात घाला. उत्तर ७ बाइटचं आणि जागा ६२. गाडी भरायचा प्रश्नच नाही. दर उत्तराला चिप थांबणार. कधी २ मिलिसेकंद, कधी १०, जास्तीत जास्त १६. वीस उत्तरांना मिळून जास्तीत जास्त ३२० मिलिसेकंद. ८२४ अधिक ३२० म्हणजे ११४४. नशीब चांगलं असलं तर फेरी सेकंदाच्या आत, नसलं तर बाहेर. म्हणूनच मधूनच सेकंद गळत होता, आणि म्हणूनच आठवडाभर सगळ्यांनी वायरीवर, अर्थिंगवर आणि मीटरवर संशय घेतला होता. टाइमर १ वर आणला की तीच फेरी ८४४ मिलिसेकंदांच्या पुढं जात नाही.

हे समजल्यावर मामांना ‘गरज’ कशी ओळखायची तेही कळलं. छोटे प्रश्न, छोटी उत्तरं, आणि ती घाईघाईनं एकामागून एक: तिथं टाइमर कमी करायचा. एखादी मोठी फाइल धो-धो येत असेल तर जीप आपोआप भरतेच; तिथं टाइमरला हात लावून काही मिळत नाही. कागदावर एवढं असतं तर माझी एक फेरी वाचली असती. (आणि माझं बिलही बुडालं असतं, ते सोडा.)

सेटिंग राहतात कुठं, हेही माहीत हवं, कारण जागेप्रमाणे लिहिण्याची पद्धत बदलते. लिनक्समध्ये मुख्य जागा चार.

पहिली जागा कर्नल बांधतानाची. मेन्यूकॉन्फिगची ती निळी स्क्रीन ज्यांनी पाहिलीय त्यांना आठवेल: हजारो पर्याय, आणि बहुतेकांपुढं वाय, एम किंवा एन. वाय म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या आतच बांधून टाका, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल (लागेल तेव्हा लोड होणारा तुकडा) ठेवा, एन म्हणजे नकोच. या पद्धतीचं नाव केकॉन्फिग, आणि ती २००२ साली कर्नलमध्ये आली. बहुतेक पर्यायांबरोबर एक मदतीचा मजकूर असतो. कर्नलला पाठवायचा कोड तपासणारी चेकपॅच नावाची स्क्रिप्ट आहे; हा मजकूर चार ओळींपेक्षा कमी असला तर ती कुरकुर करते. पण ओळी मोजता येतात, अर्थ मोजता येत नाही. ‘अमुक ड्रायव्हर हवा असल्यास वाय म्हणा. अमुक ड्रायव्हर नको असल्यास एन म्हणा’ असं चार ओळींत फुगवून लिहिलेलंही पास होतं. दुकानाच्या पाटीवर ‘दुकान’ एवढंच लिहावं तसं हे.

इथं वाचणाऱ्याचा खरा प्रश्न वेगळाच असतो: माझ्या हातात जे यंत्र आहे ते हेच का? उद्यमनगरात तुम्ही कन्व्हर्टर घेता तेव्हा डबीवर ‘यूएसबी टू आरएस-४८५’ (आरएस-४८५ म्हणजे मीटर जोडणाऱ्या वायरीची पद्धत) एवढंच छापलेलं असतं. आत एफटीडीआय आहे, सीएच३४० आहे की सीपी२१०२, हे डबीवर नसतं. मदतीच्या मजकुरात चिपची नावं असावीत, ती चिप ज्या नावांनी विकली जाते ती असावीत, आणि मॉड्यूल केलं तर त्याचं नाव काय होईल तेही असावं. कर्नलमध्ये ‘एम निवडल्यास मॉड्यूलचं नाव अमुक होईल’ असं लिहायची जुनी रीत आहे, आणि ‘खात्री नसेल तर एन म्हणा’ हीसुद्धा. ही दुसरी ओळ मला फार आवडते. अनोळखी माणसाचं बोट धरून त्याला सुरक्षित बाजूला उभं करणारी ओळ आहे ती.

दुसरी जागा मॉड्यूल लोड होतानाची, म्हणजे मॉड्यूल पॅरामीटर. ड्रायव्हर लिहिणारा कोडमध्येच पॅरामीटरचं नाव, प्रकार, परवानगी आणि एका ओळीचं वर्णन देतो. मॉडइन्फो ही कमांड चालवली की ती ओळ समोर येते. एकच ओळ असते, म्हणून लोक तिथं सगळ्यात जास्त कंजुषी करतात. याच एफटीडीआयच्या ड्रायव्हरमध्ये एनडीआय या कंपनीच्या उपकरणांसाठी एक पॅरामीटर आहे. त्याचं वर्णन मराठीत सांगायचं तर ‘एनडीआय उपकरणाच्या लेटन्सी टाइमरची पर्यायी किंमत’ एवढंच. एकक नाही, मूळ किंमत नाही, मर्यादा नाही. मामा असते तर म्हणाले असते, किंमत कशात, रुपयांत?

याउलट एक नमुना बघा. यूएसबीची उपकरणं रिकामी बसली की कर्नल त्यांना झोपवू शकतो, वीज वाचावी म्हणून. किती वेळानं झोपवायचं त्याचं पॅरामीटर यूएसबीकोअर मॉड्यूलमध्ये आहे, नाव ऑटोसस्पेंड. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात त्याबद्दल जे दिलंय त्याचा आशय असा: नव्यानं ओळखल्या जाणाऱ्या उपकरणांना लागू होणारा विलंब, सेकंदात, मूळ किंमत २, उपकरण एवढा वेळ रिकामं राहिलं की झोपवलं जातं, किंमत ऋण असेल तर कधीच झोपवलं जात नाही. दोन-तीन वाक्यांत एकक आलं, मूळ किंमत आली, कुणाला लागू ते आलं आणि खास किंमतीचा अर्थही आला.

‘नव्यानं ओळखल्या जाणाऱ्या’ या तीन शब्दांकडे लक्ष द्या. गोकुळ शिरगावात एका गोदामात बारकोड स्कॅनर हाच त्रास देत होता. वीज वाचवणारं एखादं पॅकेज कुणीतरी संगणकात घातलं होतं. स्कॅनर जरा शांत राहिला की झोपायचा आणि पुढच्या स्कॅनचे पहिले एकदोन आकडे गिळून टाकायचा. तिथल्या पोरानं चालू संगणकावर ऑटोसस्पेंडची किंमत बदलली, काही फरक पडला नाही, आणि ‘ह्ये सेटिंगच चालत न्हाई भावा’ असा निकाल देऊन मोकळा झाला. सेटिंग चालत होतं. स्कॅनर आधीच ओळखला गेला होता, म्हणून त्याला जुनीच किंमत लागू होती. वायर काढून परत घातली असती तर फरक दिसला असता.

त्याच पोरानं अजून एक केलं होतं: शून्य लिहिलं होतं. आपल्याकडे शून्य म्हणजे बंद, हे अंगवळणी पडलेलं. पंख्याच्या रेग्युलेटरवर शून्य म्हणजे पंखा बंद. इथं शून्य म्हणजे रिकामं झालं की ताबडतोब झोपव. बंद करायला उणे एक लागतं. शून्य, उणे एक, रिकामी किंमत, सगळ्यात मोठी किंमत, यांचे अर्थ प्रत्येक ड्रायव्हरमध्ये निराळे असू शकतात. माणूस ते अंदाजानं ओळखू शकत नाही. ते लिहावेच लागतात.

आणि माझं स्वतःचं पाप इथंच सांगून टाकतो, नाहीतर पोरावरच सगळं ढकलल्यासारखं होईल. मी ऐटीत मॉडप्रोबच्या फाइलीत उणे एकची ओळ लिहिली, संगणक रीस्टार्ट केला आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर किंमत तशीच २. दीड दिवस गेला त्यात. त्या संगणकाच्या कर्नलमध्ये यूएसबीकोअर आतच बांधलेला होता, मॉड्यूल नव्हतंच. मॉडप्रोबची फाइल मॉड्यूल लोड होताना वाचली जाते. जे लोडच होत नाही, कारण आधीपासून आतच आहे, त्याच्यासाठी ती फाइल उघडायला कोण जाणार? चूक झाली असा संदेशही येत नाही, सगळं सुरळीत दिसतं. अशा वेळी पॅरामीटर बूटच्या वेळच्या कर्नल कमांड लाइनवर द्यावं लागतं, मॉड्यूलचं नाव, टिंब, पॅरामीटरचं नाव, असं. तेव्हापासून पॅरामीटरची माहिती लिहिताना मी ते द्यायचे दोन्ही मार्ग लिहितो: मॉड्यूल असेल तर इथं, आत बांधलेलं असेल तर तिथं.

तिसरी जागा चालू यंत्रावरची: सिसएफएस. फाइलीसारख्या दिसणाऱ्या नोंदी, वाचल्या की सध्याची किंमत मिळते, लिहिल्या की बदलते. आमचा लेटन्सी टाइमर इथलाच. या नोंदींची माहिती लिहिण्यासाठी कर्नलच्या दस्तऐवजांत एबीआय नावाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथला साचा ठरलेला आहे: नोंद कोणती, कधी आली, कर्नलच्या कुठल्या आवृत्तीत आली, विचारायचं कुणाला, वर्णन काय आणि वापरतं कोण. शिवाय चार कप्पे आहेत. स्थिर, चाचणीतल्या, कालबाह्य आणि काढून टाकलेल्या. स्थिर कप्प्यातल्या नोंदी किमान २ वर्षं तशाच राहतील अशी हमी असते.

हे कप्पे मला आधी नुसता कागदोपत्री सोपस्कार वाटायचे. मग याच झोपवण्याच्या सेटिंगचा सिसएफएसमधला इतिहास वाचला. प्रत्येक उपकरणासाठी पूर्वी ‘ऑटोसस्पेंड’ नावाची नोंद होती आणि त्यात सेकंद लिहायचे. २.६.३८ या आवृत्तीच्या सुमारास तिच्या शेजारी नवी नोंद आली, ‘ऑटोसस्पेंड डिले एमएस’, आणि हिच्यात मिलिसेकंद. जुनी सवय असलेल्यानं नव्या नोंदीत २ लिहिलं तर उपकरण दोन सेकंदांऐवजी दोन मिलिसेकंदांत झोपणार. पण नव्या नावातच ‘एमएस’ आहे. नावाच्या शेपटीला एकक बांधणं ही सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ माहिती. दस्तऐवज हरवतो, कागद फाटतो, नाव कुठं जात नाही.

चौथी जागा डिव्हाइस ट्री. साध्या पीसीवर तिचा सहसा संबंध येत नाही; एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डांवर येतो. बोर्डावर काय कुठं जोडलंय याचं वर्णन त्यात असतं आणि कर्नल ते वाचून ड्रायव्हर जोडतो. आरएस-४८५ च्या दोन तारांवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, आणि बोलायच्या आधी ‘मी बोलतोय’ म्हणून हात वर करावा लागतो. हात वर केल्यावर किती थांबून बोलायचं आणि बोलून झाल्यावर किती थांबून हात खाली घ्यायचा, असे दोन आकडे तिथं देता येतात, दोन्ही मिलिसेकंदात. कुठला आकडा आधी, कुठला नंतर, हे दस्तऐवजात लिहिलेलं नसतं तर निम्म्या जगानं उलटे घातले असते. या नोंदींची माहिती पूर्वी साध्या मजकुरात असायची. आता ती यॅमल साच्यात लिहितात, त्यामुळे माणूस ती वाचतो आणि यंत्रही तपासतं: आकड्याच्या जागी शब्द घातला तर तपासणी तिथंच पकडते. मायक्रोव्होल्ट, हर्ट्झ, मिलिसेकंद ही एककंही नावाच्या शेपटीला लावायचा प्रघात तिथं आहे. माहिती आणि तपासणी एकाच कागदात, ही कल्पना मला बाकी तिन्ही जागांपेक्षा पुढची वाटते.

आता लिहायचं कसं. कोल्हापूरकराला याचा उत्तम नमुना दर पावसाळ्यात दिसतो. जुलै उजाडला की प्रत्येकाच्या मोबाइलवर एक ओळ फिरायला लागते: राजाराम बंधारा, पाणी पातळी इतके फूट इतके इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आकडा आहे, एकक आहे, कुठं मोजलंय ते आहे, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं हे नदीकाठच्या माणसाला माहीत आहे: ३९ ला सामान आवरायला घ्यायचं, ४३ च्या आत जनावरं हलवायची. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांपुढं गेलं, तेव्हा शहरात कुणालाही ‘म्हणजे किती?’ असं विचारावं लागलं नाही. समजा नुसतं ‘पंचगंगेची पातळी वाढू शकते, गरज पडल्यास हलावे’ असं फिरवलं असतं तर? आमच्या पॅनेलमधला कागद नेमका तसा होता.

मी तो कागद काढून नवा लिहिला. कमांड इंग्रजीत ठेवल्या, कारण त्या तशाच टाइप कराव्या लागतात; बाकी मजकूर मराठीत. तो असा:

‘लेटन्सी टाइमर. एकक मिलिसेकंद. १ ते २५५ मधली कुठलीही पूर्ण संख्या चालते. कारखान्यातून येणारी किंमत १६. आपल्याकडे १ ठेवली आहे. कन्व्हर्टर अर्धवट जमलेला डेटा संगणकाला देण्याआधी जास्तीत जास्त एवढा वेळ थांबतो. वीस मीटरची फेरी एका सेकंदात बसावी म्हणून कमी केला आहे. लक्षण: नोंदीत मधूनच एखादा सेकंद गळतो, सगळ्या मीटरचे आकडे मात्र बरोबर असतात. आकडेच चुकत असतील तर कारण दुसरे आहे, हा टाइमर बदलू नये. कमी ठेवल्याने यूएसबीवरची वाहतूक वाढते. या संगणकाला ती झेपते. बदल लगेच लागू होतो. कन्व्हर्टर काढून पुन्हा लावला की किंमत परत १६ होते. ती आपोआप १ व्हावी म्हणून उपकरण लावताच चालणारा यूडेव्हचा नियम लिहिला आहे, फाइल खालील ठिकाणी.’

जुन्या कागदावर सातच शब्द होते. हा बराच लांबला. पण यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी विचारलेल्या किंवा विचारू शकेल अशा प्रश्नाचं उत्तर आहे. ‘कशात’ हे मामांनी विचारलं. ‘टिकतं का’ हे रात्रपाळीच्या सुपरवायझरनं विचारलं. ‘मग १ च का नाही दिली कारखान्यातून’ हे मालकाच्या मुलानं विचारलं, म्हणून वाहतूक वाढण्याचं वाक्य आलं. आणि ‘आकडेच चुकत असतील तर’ हे वाक्य मी माझ्या अनुभवावरून घातलं, कारण लोकांना एकदा औषध सापडलं की ते प्रत्येक दुखण्यावर तेच लावतात.

अशा मजकुरात सगळ्यात अवघड वाक्य ‘हात लावू नका’चं असतं. कधी बदलावं हे लिहिणं सोपं, कारण लिहिणाऱ्यानं ते सेटिंग त्याच कारणासाठी बनवलेलं असतं. कधी बदलू नये हे लिहायला त्याला स्वतःच्या खोलीबाहेर येऊन विचार करावा लागतो.

माहिती केव्हा लिहायची, यावर कर्नलवाल्यांचा नियम सरळ आहे: कोडबरोबरच. नवं काही पाठवण्याआधीची त्यांची यादी आहे. नव्या केकॉन्फिग पर्यायाला मदतीचा मजकूर आहे का, नव्या मॉड्यूल पॅरामीटरला वर्णन आहे का, नव्या बूट पॅरामीटरची नोंद झाली का, वापरकर्त्याला दिसणारं नवं काही असेल तर ते एबीआयच्या विभागात लिहिलं का, हे सगळं तिच्यात येतं. मागाहून लिहू म्हटलं की राहतंच. शिवाय लिहिताना ड्रायव्हरचीही झाडाझडती होते. ‘मूळ किंमत १६, कारण...’ एवढं लिहून पेन थांबलं तर समजावं की ती किंमत कुणी विचार करून ठरवलेलीच नाही. असं एखादं सेटिंग मी मजकूर लिहिता लिहिता काढूनही टाकलंय. ज्याचं ‘केव्हा बदलावं’ मलाच सांगता येत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?

कर्नलमध्ये हा विचार जास्तच लागतो, कारण तिथं एकदा बाहेर पडलेलं सेटिंग सहजासहजी मागं घेता येत नाही. वापरकर्त्याचा चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही हा लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांचा दंडक प्रसिद्ध आहे. नोंदीचं नाव बदललं, एकक बदललं, की कुठंतरी कुणाची तरी स्क्रिप्ट मोडते. म्हणून तर सेकंदांच्या जुन्या नोंदीचा अर्थ न बदलता तिच्या शेजारी मिलिसेकंदांची नवी नोंद काढावी लागली.

पॅनेलमधला माझा कागद लॅमिनेट करून लावला त्याला आता बरेच महिने झाले. परवा दुसऱ्या कामासाठी त्या शेडमध्ये गेलो तेव्हा मुद्दाम दार उघडून बघितलं. तेलकट बोटांचे ठसे उमटलेत, म्हणजे कुणीतरी वाचतंय. आणि खाली, मी जिथं फाइलीचं ठिकाण लिहून संपवलं होतं तिथं, मामांनी मार्करनं स्वतःची ओळ घातलीय: ‘कन्व्हर्टर बदलून दुसऱ्या कंपनीचा लावला तर हे लागू नाही. साहेबास्नी फोन करणे.’

हे माझ्याकडून राहिलं होतं. चिपच बदलली तर ड्रायव्हर बदलणार आणि ही नोंदच तिथं नसणार. मी खिशातून पेन काढून त्या ओळीच्या वर, जिथं ‘लेटन्सी टाइमर’ लिहिलंय तिथं, ‘फक्त एफटीडीआय चिपसाठी’ एवढं घुसडलं. लॅमिनेशनवर पेन उठेना, म्हणून मामांचाच मार्कर मागून घेतला.